वरच्या मजल्यावरच्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

नोकरी सोडतेय म्हटल्यावर जो तो एकच विचारायचा, "मग पुढे काय?" पुढे काहीच नाही, हे कुणाला पटेना. मामेभावाला तर वाटलं, मला काढून टाकलंय आणि मी लपवतेय. सोळा वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची पाच नागपूरजवळच्या मिहानमधल्या कंपनीत. सकाळी जयप्रकाशनगरहून खापरीची मेट्रो, रात्री अकराला अमेरिकेचा कॉल. आता नुसतं थांबायचं होतं.

तुम्ही जिन्यात गाठून विचारलंत, "मेडिक्लेम कोणाचा आहे पोरी?"

खरं सांगते, तेव्हा रागच आला होता. पण रात्री वर आले. तुम्ही चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलंत आणि पाठकोऱ्या बाजूवर हिशेब मांडायला बसलात. उगाच नाही वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, लेखा विभागात जन्म काढला! कंपनीचा विमा नोकरीबरोबर जातो, आईला साखर आहे, तेव्हा त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी आधी, राजीनामा मग. पीएफला हात नाही, नोकरी सुटली तरी व्याज चालू राहतं. दूध, वीज, आईची औषधं, मे महिन्यातला कूलर, सगळं लिहिलंत. मी हॉटेलचा खर्च सांगितलाच नव्हता. तुम्ही माझ्याकडे न बघता तीन हजार मांडलेत.

मग रुजू झाल्याची तारीख विचारलीत आणि पेन खाली ठेवलंत. पाच वर्षांना चार महिने कमी, नोटीस तीन महिन्यांची. "एवढी काहून घाई करून राहिली? दीड महिना थांब. पाच वर्षं भरू दे, मग ग्रॅच्युइटीला कोणी वाद घालत नाही." ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम: महिन्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले 5. सव्वीसच का, तर चार रविवार वगळायचे. खालचा आकडा म्हणजे माझ्या घराचा चार महिन्यांचा खर्च निघाला. एवढे पैसे मी निव्वळ वैतागापायी सोडून येणार होते!

तो दीड महिना जड गेला, हेही तुम्हाला ठाऊक आहे. रोज संध्याकाळी काकूंचा चहा होता म्हणून निभावलं.

सुटले त्याच्या दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच जाग आली. लॅपटॉप परत केलेला, टेबल रिकामं. काय करावं कळेना, पलंगावर बसून राहिले. आठला तुमची हाक आली, "कूलरच्या ताट्या बदलायच्या आहेत, धरायला ये." नवा वाळा हाताला टोचत होता आणि घरभर त्याचा वास सुटला होता. तुम्ही नोकरीचं अवाक्षर काढलं नाहीत. तेवढ्यात मामेभाऊ आला आणि तुम्हालाच विचारू लागला, ही सध्या काय करते म्हणून.

"आराम करून राहिली," म्हणालात, आणि त्याच्या हातात दुसरी ताटी दिलीत.

काका, त्याचा चेहरा आठवून मी अजून हसते. त्या दिवसाचे आभार मानायचे राहूनच गेले होते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची पोरगी