ॲडव्हेंचर मोटारसायकलींची दुरुस्ती: माहिती आणि सुटे भाग खुले करा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

ठाण्यातील घोडबंदर रस्ता, मुंब्रा बाह्यवळण आणि शीळफाटा या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत ॲडव्हेंचर मोटारसायकली चांगल्याच दिसू लागल्या आहेत. उंच बांध्याच्या, तारांच्या चाकांच्या या गाड्या आता लडाखला निघालेल्या तरुणांपुरत्या राहिलेल्या नाहीत. मानपाड्याहून ऐरोलीच्या कार्यालयात जाणारा किंवा कळव्याहून महापे एमआयडीसीत पाळीवर जाणारा नोकरदारही आता तीच गाडी घेतो. त्यामागे हौस आहेच, पण हौसेपेक्षा रस्त्याचा वाटा मोठा आहे. मेट्रोच्या कामाने अरुंद झालेला, पावसाळ्यात उखडणारा आणि अवजड वाहनांनी दबलेला रस्ता रोज कापायचा असेल, तर कमरेच्या मणक्यांची काळजी असलेला माणूस अशा गाडीकडे वळणारच. गाडी घेतल्यानंतरच्या किरकोळ दुरुस्तीत मात्र त्याची जी ओढाताण होते, तिच्याकडे आपल्या दैनिकाचे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे परवडणाऱ्या ॲडव्हेंचर गाडीचा इतिहास फार जुना नाही. हिरोची दीडशे सीसीची इम्पल्स २०११ मध्ये आली, पण ग्राहकांनी तिला फारशी दाद दिली नाही. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ४११ सीसीची हिमालयन आली आणि या वर्गाला खरी ओळख मिळाली. मे २०१९ मध्ये हिरोने कार्ब्युरेटरची एक्सपल्स २०० दिल्लीतील ९७ हजार रुपये एक्स-शोरूम किमतीला आणली, तेव्हा ही गाडी प्रथमच नोकरदाराच्या हप्त्यात बसली. पुढे किमती वाढत गेल्या. मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील गाड्यांना ४० टक्के लागू झाला, त्यामुळे सामान्य ग्राहकाचा ओढा लहान इंजिनाच्या ॲडव्हेंचर गाड्यांकडेच राहील, असे दिसते.

या गाड्यांची रचना आपल्या रस्त्यांना मानवते, हे मान्यच करावे लागेल. वर उल्लेख केलेल्या हिमालयन आणि एक्सपल्स या दोन्ही गाड्यांचे पुढचे चाक २१ इंची आहे आणि जमीन आणि गाडीचा तळ यांतले अंतर २२० मिलिमीटर आहे. मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते, लांब पल्ल्याचे शॉकॲब्सॉर्बर उरलेला धक्का पचवतात आणि अलॉय चाकाला जेथे तडा जाईल तेथे तारांचे चाक किंचित लवून सावरते. पण ज्या गुणांसाठी आपण ही गाडी घेतो, तेच गुण वेगळी देखभाल मागतात. तारांच्या चाकाच्या रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असते. म्हणून बहुतेक स्वस्त गाड्यांत आत ट्यूब घालावी लागते. ट्यूबलेस टायरमधून खिळा लागल्यावरही हवा हळूहळू जाते, ट्यूबमधून ती बघता बघता जाते. गायमुखच्या घाटात, मागे कंटेनर आणि बाजूला थांबायला हातभरही जागा नसताना, हा फरक चांगलाच कळतो. त्यातून पंक्चरची अनेक दुकाने आता फक्त ट्यूबलेसच्या दोऱ्या भरण्याचे काम करतात. ॲडव्हेंचर गाडीचे मागचे चाक उतरवायचे म्हटले की दुकानदार नुसती मान हलवतो.

तारांचीही तीच गत आहे. खड्ड्यांचे धक्के खाऊन काही तारा सैल होतात, त्यांचा भार शेजारच्या तारांवर पडतो आणि शेवटी एखादी तार तुटते किंवा चाक आउट होते, म्हणजे फिरताना डगमगते. हे वेळीच ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन किंवा चाक अधांतरी धरून, लहान पान्याने एकेक तार हलकेच ठोकावी. ताठ तार टणत्कार देते, सैल तारेचा आवाज बद्द येतो, आणि दोन-चार तारांतच कानाला फरक समजू लागतो. त्यानंतर निपल, म्हणजे तारेच्या टोकाचा ताण कमी-जास्त करणारा नट, किती फिरवायचे आणि कोणत्या क्रमाने फिरवायचे, हे मात्र हाताच्या सवयीचे काम आहे. पूर्वी सायकलच्या दुकानातला कोणताही मिस्त्री चाकाचा आउट काढून देत असे. आज माझ्या परिसरात हे काम विश्वासाने करणारे हात शोधावे लागतात, आणि अधिकृत सेवा केंद्रात विचारले तर आख्खे चाक बदलण्याचा सल्ला मिळतो. (मागे लोखंडी पेट्या आणि पेट्रोलचे जादा कॅन लटकवून रोज फक्त ऐरोलीपर्यंतच जाणाऱ्या बंधूंनी हेही लक्षात घ्यावे, की तो सारा भार मागच्या चाकाच्या तारा वाहतात.)

चेनचा प्रकार अधिक गंभीर आहे, कारण तेथे नुकसान चांगल्या हेतूने केले जाते. या गाड्यांच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा पल्ला लांब असतो. चाक वर दबले की मागचा आस, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) सांधा आणि पुढचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी चेन सर्वांत जास्त ताणली जाते. म्हणून गाडी उभी असताना चेनला साध्या गाडीपेक्षा थोडा जास्त झोळ ठेवावा लागतो. नेहमीच्या सवयीचा मिस्त्री तो झोळ पाहतो आणि चेन ताठ करून देतो. ग्राहकही आवाज गेला म्हणून खूश होतो. पुढे मोठा खड्डा आला की तो ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि स्प्रॉकेटवर येतो. किती मिलिमीटर झोळ ठेवायचा आणि तो गाडी कोणत्या स्थितीत असताना मोजायचा, हे कंपनीने ठरवून दिलेले असते. हा एक आकडा स्विंगआर्मवर ठळक अक्षरांत मराठीत छापला, तरी कितीतरी चेनसेट अकाली झिजायचे वाचतील.

हँडलचा कोनसेट (हँडल फिरते तेथील बेअरिंग), फोर्कचे ऑइल सील, सिमेंटच्या धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या जोडसांध्यांमधले (लिंकेज) वाळलेले ग्रीस, या बाकीच्या कुरबुरी. यातली एकही बाब मुळात मोठ्या खर्चाची नाही. ती दुर्लक्षाने मोठी होते.

माझ्याकडे याच वर्गातली एक गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्यातून ती काढल्यावर एक विचित्र खोड सुरू झाली. न्यूट्रलमध्ये इंजिन व्यवस्थित चाले, गिअर टाकला की बंद पडे. सेवा केंद्रातील सल्लागाराने वायरिंगचा संशय व्यक्त करून गाडी काही दिवस ठेवून जाण्यास सांगितले आणि संपूर्ण वायरिंग बदलण्याचा अंदाजखर्च हातात दिला. मी वायरिंगमध्ये नेमके काय बिघडले आहे असे विचारले, तेव्हा "सर, पाण्यातून काढली की या गाड्यांना असं होतंच," एवढेच उत्तर मिळाले. कोपरीतील एका मेकॅनिककडे गेलो. त्याने वायरिंगला हात न लावता साइड स्टँडजवळ टॉर्च धरला. स्टँड खाली असताना गिअर पडला तर इंजिन बंद करणारा जो छोटा स्विच तेथे असतो, त्यात चिखल भरला होता आणि स्टँड वर घेतला तरी तो दबलेलाच राहत होता. त्याने तो धुतला, हवा मारली, फवारा मारला आणि गाडी माझ्या हाती दिली. या प्रकरणात अप्रामाणिकपणा होता असे माझे म्हणणे नाही. तपासणीचा क्रम ठाऊक नसलेला कारागीर आणि भाग बदलण्यावर चालणारे केंद्र, एवढे कारण पुरेसे आहे.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' हे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीची पुस्तिका, सुट्या भागांच्या किमती आणि वॉरंटीच्या अटी ग्राहकाला एका ठिकाणी मिळाव्यात, हा त्याचा उद्देश, आणि त्यात वाहनांचाही समावेश आहे. मात्र काउंटरवर उभ्या असलेल्या ग्राहकाला त्याचा उपयोग फारसा जाणवत नाही. मालकाला जी पुस्तिका मिळते ती बहुधा इंग्रजीत असते, आणि खरोखर उपयोगी अशी वर्कशॉप पुस्तिका केंद्राच्या कपाटात राहते. क्लच वायर किंवा ब्रेक पॅडसारखा भागही "गाडी आणा, आम्हीच बसवून देऊ" असे सांगून सुटा देण्याचे टाळले जाते. पक्के बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे आणि तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांकही आहे. तथापि एका स्विचसाठी किंवा चार तारांसाठी कोण तक्रार करत बसणार?

म्हणून उत्पादक कंपन्यांकडे अपेक्षा अशी, की या वर्गातील गाड्यांची वर्कशॉप पुस्तिका वाजवी किमतीत कोणालाही विकत मिळावी, देखभालीचे पुस्तक मराठीत द्यावे आणि सुटे भाग क्रमांक व किमतीसह काउंटरवर विनाअट विकावेत. जे केंद्र तारांच्या चाकाची गाडी विकते, त्याच्याकडे चाकाचा आउट काढणारा एक तरी प्रशिक्षित माणूस असलाच पाहिजे, आणि बदललेला जुना भाग न मागता ग्राहकाच्या हाती दिला पाहिजे. ठाणे आणि नवी मुंबईतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी रस्त्याकडेच्या मिस्त्रींसाठी संध्याकाळचा छोटा वर्ग चालवून तारा ताणणे, लांब पल्ल्याच्या सस्पेन्शनची चेन बसवणे आणि सेन्सर तपासणे एवढे जरी शिकवले, तरी त्यांच्या हाताला काम मिळेल. नवीन गाडी घेणाऱ्या वाचकांना एकच विनंती: टेस्ट राइड मागण्याआधी त्या शोरूमच्या सुट्या भागांच्या काउंटरवर जाऊन त्या गाडीची ट्यूब, क्लच वायर आणि मागच्या चाकाच्या चार तारा आज मिळतील का, असे विचारावे.

आपला नम्र,
एक वाचक, कासारवडवली, ठाणे (प.)