थडग्यांचे दगड आणि थंडी

महोदय,

अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधल्या जुन्या दफनभूमीत स्वच्छतेला हौसेने जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पत्र. व्हरमाँटकडचा पांढरा संगमरवर दिसतो टणक, पण शंभर-दीडशे हिवाळे सोसल्यावर बोट फिरवले की साखरेसारखे कण हाताला लागतात. असा दगड घासूच नये. बोटाने टिचकी मारल्यावर पोकळ वाजला, तरीही हात लावू नये.

बाकीचे दगड आधी साध्या पाण्याने चिंब भिजवावेत. मग डी/2 सारखे शेवाळ-बुरशी मारणारे द्रावण फवारून दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासावे. वरून सुरुवात केली तर मळक्या पाण्याचे ओघळ उमटतात. शेवाळ, दगडफूल लाकडी पट्टीने काढावे. राहिलेले डाग पुढच्या काही आठवड्यांत आपोआप फिकटतात, तेवढा धीर मात्र हवा. तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, ब्लीच नकोच. ब्लीचचे क्षार आत राहून दगड फोडतात.

पारा 5 अंश सेल्सिअसखाली असेल किंवा रात्री गोठण्याची शक्यता असेल, तर काम पुढे ढकलावे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते. छिद्रांत मुरलेले पाणी पापुद्रे उडवते. आणि हो, दफनभूमीच्या व्यवस्थापनाची परवानगी आधी घ्यावी.

– एक वाचक