पंधरा जण आणायचे कुठून?

ती. आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "दोन्हीकडे पोरं कमी पडतायत, तर दोन क्लब एक का करत नाहीत?" त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसले. डिसेंबरात इथे आयर्लंडमध्ये आमच्या गावच्या हर्लिंग क्लबची वार्षिक सभा आहे. शेजारच्या क्लबाबरोबर विलीन व्हायचं की नाही, असा ठराव तिथे येतोय. मी सभासद आहे, त्यामुळे माझंही एक मत आहे आणि ते मी विरोधात देणार आहे. का, ते तुम्हाला नीट सांगायचंय. तुम्हाला ते पटलं नाही तर सभेच्या आधी मला तसं कळवा.

आई, आधी तुझ्यासाठी. तुला हर्लिंग म्हणजे नातू हातात काठी घेऊन पळतो एवढंच ठाऊक आहे, आणि दर वेळी तुझा प्रश्न एकच असतो: डोक्याला लागत नाही ना? २०१० पासून सगळ्यांनाच जाळीचं हेल्मेट सक्तीचं आहे, तेव्हा निर्धास्त राहा. काठी ॲश झाडाच्या लाकडाची असते, तिला हर्ली म्हणतात. चेंडू लहान, कातडी, त्याला स्लिटर म्हणतात. प्रत्येक संघात पंधरा जण. गोलखांबांच्या मधून, आडव्या दांडीच्या वरून चेंडू मारला तर एक गुण, खालून जाळीत मारला तर तीन. पाहताना डोळ्यांची पापणी लववायची सोय नाही, इतका वेगवान खेळ आहे. २०१८ साली युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

बाबा, तुम्हाला यातली संघटना जास्त आवडेल. १८८४ साली टिपरेरी काउंटीतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) थर्ल्स गावात मायकल कुसॅक आणि काही मंडळींनी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन (जी.ए.ए.) काढली. आज ती देशातली सर्वांत मोठी क्रीडासंस्था आहे, आणि तिथे अजून कुणालाही खेळण्याचे पैसे मिळत नाहीत. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्याऐंशी हजार लोकांपुढे अंतिम सामना खेळलेला मुलगा पुढच्या आठवड्यात शाळेत गणित शिकवत असतो किंवा कुणाच्या तरी घरी वायरिंग करत असतो. आणि सगळ्याचा पाया म्हणजे गावचा क्लब. क्लब पॅरिशचा असतो, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या दोन-चार गावांचा आणि वाड्यांचा. तुम्ही जिथले, तिथल्याच क्लबात खेळायचं. दुसरा क्लब चांगला आहे म्हणून उडी मारून जाता येत नाही. त्यासाठी काउंटी समितीची परवानगी लागते आणि ती सहजी मिळत नाही. म्हणूनच इथे हरणं-जिंकणं गावाचं असतं.

क्लबांची चॅम्पियनशिप आधी काउंटीच्या आत होते. सीनियर, इंटरमीजिएट, ज्युनियर अशा पायऱ्या असतात, जिंकलात की वर, हरत राहिलात की खाली. काउंटी जिंकणारे पुढे जातात आणि शेवटी अखिल आयर्लंड क्लब चॅम्पियनशिप. आम्ही राहतो त्या गॉलवे काउंटीच्या पूर्व भागात ही काही दूरची गोष्ट नाही. किलटॉर्मरसारख्या लहानशा गावाने १९९२ साली ती जिंकली. पुढची दोन्ही वर्षं, १९९३ आणि १९९४, इथल्याच सार्सफील्ड्सने जिंकली. अ‍ॅथेनरीने तीनदा, पोर्टुम्नाने चारदा. ही सगळी छोटी ठिकाणं आहेत. म्हणून इथला माणूस दुधाच्या डेअरीत काय किंवा अंत्यविधीला काय, भेटला की आधी चॅम्पियनशिपबद्दल बोलतो.

आता आमची अडचण. कागदावर आमच्या मोठ्या संघात एकोणीस-वीस जण आहेत. त्यातला कुणी गुडघ्यामुळे बसलेला, कुणी सिडनीला बांधकामावर, कुणाची रुग्णालयात पाळी. २०२२ पासून क्लबांमधून निवडलेल्या काउंट्यांच्या संघांचा मोसम जुलैतच संपवतात आणि उरलेलं वर्ष क्लबांना देतात. व्यवस्था चांगली आहे, सामने वेळेवर होतात. पण नेमक्या त्याच उन्हाळ्यात विद्यार्थी कामासाठी अमेरिकेला गेलेले असतात. सरावाला बारा जण आले तरी प्रशिक्षकाचा चेहरा उजळतो. पंधरा विरुद्ध पंधरा असा सराव सामना कित्येक महिन्यांत झालेला नाही. शेजारच्या क्लबाची गतही हीच.

विलीनीकरण मागणारी माणसं वाईट नाहीत, हे मला मनापासून सांगायचंय. आमचे अध्यक्ष सत्तरीला आलेत, मैदानाचं गवत अजून स्वतः कापतात. ते म्हणतात, एक दिवस संघ उतरवता न आल्यामुळे सामना सोडून द्यावा लागेल, त्या अपमानापेक्षा मानाने एक होऊ. आणि त्यांच्याजवळ दाखलेही आहेत. गॉलवेतलाच सेंट थॉमस हा क्लब १९६८ साली किलक्रीस्ट आणि पीटर्सवेल हे दोन क्लब एक होऊन झाला. तो २०१३ आणि २०२४ साली अखिल आयर्लंड विजेता झाला. किल्केनीतला बॅलिहेल शॅमरॉक्स १९७२ साली पॅरिशमधल्या वेगवेगळ्या वस्त्या एकत्र येऊन उभा राहिला. आज अखिल आयर्लंड क्लब विजेतेपदं सर्वांत जास्त त्याच्याच नावावर आहेत. हेन्री शेफ्लिन तिथलाच, ज्याने किल्केनी काउंटीच्या संघाकडून दहा अखिल आयर्लंड पदकं मिळवली.

मी हे दाखले घेऊन बसले, तेव्हा मला त्यात वेगळंच दिसलं. सेंट थॉमसला पहिली काउंटी सीनियर चॅम्पियनशिप मिळाली २०१२ साली, म्हणजे एक झाल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी. ज्यांनी हात वर करून मत दिलं, त्यातल्या कित्येकांनी तो दिवस पाहिलाही नसेल. आणि तो दिवस आणला कुणी? त्या संघात बर्क घराण्यातले सख्खे भाऊ ओळीने उभे होते. बॅलिहेलच्या पहिल्या सुवर्णकाळातही तेच: फेनेली घरातले सात भाऊ. म्हणजे संघ मोठे झाले ते घरात मुलं होती म्हणून, शाळेत पट होता म्हणून. दोन क्लबांची बेरीज केल्याने एक मूलही जन्माला येत नाही. आपण दोन चुली एक करू, पण शिधा तेवढाच राहणार.

आमचा खरा प्रश्न घरांचा आहे. इथली तरुण मंडळी गावात राहायला तयार असतात, पण बापाच्या शेतात घर बांधायची परवानगी मिळवताना वर्षं जातात, आणि भाड्याचं घर म्हणावं तर मिळत नाही. मग ते शहराच्या कडेला जातात. तिकडे डब्लिनमध्ये नेमकं उलटं. देशातली पन्नास लाख माणसं धरली तर त्यातली जवळपास पंधरा लाख डब्लिन काउंटीत. तिथल्या क्लबांत मुलं इतकी की मैदानं पुरत नाहीत, आणि साधारण खेळणाऱ्या मुलाला मुख्य संघात कधी उभंच राहायला मिळत नाही. जी.ए.ए.चे अध्यक्ष जार्लथ बर्न्स यांनी लोकसंख्येच्या याच प्रश्नावर एक समितीही नेमली आहे. हे सगळं आमच्या सभेत कुणी बोलत नाही. ठरावात फक्त नाव, जर्सीचा रंग आणि कुठलं मैदान ठेवायचं एवढंच आहे.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट. आज दोन क्लबांचे मिळून तीस जण चॅम्पियनशिपच्या दिवशी मैदानावर उतरतात. एक झालो की पंधरा. उरलेल्या पंधरांचं काय? म्हणतील, दुसरा संघ काढू. पण मी ही मुलं ओळखते. आमचा एक कोपऱ्यातला बचावपटू आहे, दूध काढणं आटोपून सरावाला येतो, वेग कमी, पण गेली कित्येक वर्षं त्याच्या अंगावर तीच जर्सी आहे. विलीन क्लबात त्याला बाकावर बसावं लागेल. एक मोसम बसेल, मग येणं सोडेल. तो सुटला की त्याचे वडील फाटकावर तिकिटं फाडायला येणार नाहीत, त्याची आई सामन्यानंतर चहा-सँडविचच्या टेबलामागे उभी राहणार नाही. आई, याच बाईने तुझ्या चिवड्याची पाककृती माझ्याकडून वहीत उतरवून घेतली होती. २०२० साली करोनाच्या दिवसांत गावोगावच्या क्लबांनी म्हाताऱ्या माणसांना औषधं आणि किराणा घरपोच दिला. कुणाच्या दाराशी रॅम्प आहे, कुणाला ऐकू येत नाही, हे क्लबाला ठाऊक होतं, म्हणून ते जमलं. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा आमची दारावरची पहिली ओळखही मुलांची नावं लिहून घ्यायला आलेल्या क्लबच्या माणसानेच करून घेतली. एवढ्या ओळखी आठ-दहा मैलांच्या पसाऱ्यात ठेवता येतील, असं मला वाटत नाही.

बाबा, तुमच्या मनात आता समूह शाळा आल्या असतील. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं पत्रक निघालं आणि पानशेत नि तोरणमाळचे दाखले दिले गेले, तेव्हा तुम्ही निवृत्त असूनही किती अस्वस्थ होतात. पाटणच्या डोंगरात सहावी-सातवीतल्या मुली पावसाळ्यात ओढा ओलांडून दुसऱ्या गावी जाणार नाहीत, त्यांची शाळा सुटेल, हे तुम्ही प्रत्येकाला सांगत होतात. मी दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजत नाही. इथे चार मैल म्हणजे गाडीने दहा मिनिटं, आणि शिक्षण हा हक्क आहे, हर्लिंग नाही. पण तुमचा एक मुद्दा मला इथे जसाच्या तसा लागू पडलेला दिसतो: अंतर वाढलं की आधी गळतो तो काठावरचा, ज्याला यायला मुळातच थोडं बळ लागत होतं.

मग करायचं काय? नुसता विरोध करून संघ उतरत नाही, हे मलाही कळतं. तुमची नात कॅमोगी खेळते, म्हणजे मुलींचं हर्लिंग. तिच्या संघात दोन्ही पॅरिशमधल्या मुली आहेत, आणि एकीनेही आजवर कुरकुर केलेली नाही. मुलांच्या वयोगटांतही असे जोडसंघ काउंटीत ठिकठिकाणी आहेत. तेच करावं. तेरा, पंधरा, सतरा वर्षांखालची मुलं एकत्र खेळू देत, त्यांना खरे सामने मिळू देत. मोठी झाली की आपापल्या गावच्या जर्सीत समोरासमोर उभी राहतील.

आणि ज्याच्यात सीनियरची ताकद आहे त्याच्यासाठी कॉर्क काउंटीत जुनी, सुंदर सोय आहे. तिथे लहान क्लब आपापल्या खालच्या गटात खेळत राहतात, पण त्यांच्यातले निवडक खेळाडू मिळून विभागाचा एक संघ करतात आणि तो सीनियर चॅम्पियनशिप खेळतो. पूर्व कॉर्कच्या इमोकिलीने २०१७ ते २०१९ सलग तीनदा काउंटी जिंकली. त्यात एक अट आहे: विभागाचा संघ काउंटीच्या बाहेर जाऊ शकत नाही, पुढे क्लबच जातो. २०२४ साली इमोकिली पुन्हा जिंकली, तेव्हा अंतिम सामना हरलेला कॉर्कचा सार्सफील्ड्स पुढे गेला (आमच्या गॉलवेतला त्याच नावाचा क्लब वेगळा). त्याने चक्क मन्स्टर प्रांत जिंकला आणि जानेवारी २०२५ मध्ये क्रोक पार्कवर डब्लिनच्या 'ना फियाना' क्लबाशी खेळून हरला. लोक याला विचित्र म्हणतात. मला तो नियम फार शहाणपणाचा वाटतो. चांगल्या खेळाडूला मोठं मैदान मिळतं आणि गावाचं नावही पुसलं जात नाही. गॉलवेत हे कुणी मांडायला हवं.

याचा अर्थ कधीच विलीन होऊ नये असा नाही. जोडसंघ करूनही काही वर्षांनी मोठ्या संघाला पंधरा जण मिळाले नाहीत, तर मीच हात वर करीन. किलक्रीस्ट आणि पीटर्सवेलच्या लोकांनी १९६८ साली केलं ते धाडसच होतं. पण ते करताना चषकाचं आमिष कुणी दाखवू नये, आणि पंधरा गडी उभे राहत असताना घाई करू नये.

बाबा, मी दुरुस्तीचा ठराव लिहिलाय. दोन्ही क्लबांनी सतरा वर्षांखालचे सगळे संघ तीन वर्षं एकत्र खेळवावेत. मोठे संघ वेगळे ठेवावेत. दोन्ही क्लबांची मिळून एक समिती करावी, तिने गावात घरं बांधण्याच्या परवानग्यांचा प्रश्न काउंटी कौन्सिलकडे लावून धरावा. तीन वर्षांनी पट पाहून पुन्हा मतदान घ्यावं. शेवटच्या कलमाबद्दल मला खात्री वाटत नाही, तीन वर्षं पुरी पडतील का? शाळेचा पट वर-खाली होताना तुम्ही आयुष्यभर पाहिलाय, तुमचा अंदाज मला हवा आहे. सभेच्या आठवडाभर आधी ठराव सचिवांकडे द्यायचा आहे, तेव्हा लवकर लिहा. आई, तुझ्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले तेही त्याच पत्रात बाबांना लिहायला सांग, फोनवर तू नीट सांगत नाहीस.

तुमची,
लेक