तुझ्या नायिकेचा सूड

प्रिय सखी,

तू पाठवलेली तुझ्या कादंबरीची प्रकरणं एका बैठकीत वाचून काढली. नायिकेला नवऱ्याचं अफेअर कळतं तो प्रसंग फार सुरेख उतरलाय. आदळआपट नाही, रडारड नाही. ती त्याच्या शर्टांना इस्त्री करत राहते आणि गेल्या वर्षभरातली एकेक थाप उलगडत जाते. कुठली मीटिंग खरी होती, कुठली खोटी. फसवणूक कळल्यावर माणूस मागचं सगळं आयुष्यच पुन्हा तपासायला घेतं, हे तू नेमकं पकडलंस. मला तुझा फार अभिमान वाटला.

पण सूड सुरू होतो तिथे माझं तुझ्याशी भांडण आहे. तुझ्या नायिकेचा सगळा राग त्या दुसऱ्या बाईवर निघतो. ऑफिसात तिची बदनामी, तिच्या वजनावर विनोद, पार्टीत तिची फजिती. नवरा मात्र एकदा माफी मागून मोकळा! अगं, लग्नाचं वचन दिलं होतं कुणी? हिशेब त्याच्याशीच व्हायला हवा. बाईच्या हातून बाईलाच झोडपायचं आणि पुरुषाला 'घसरला बिचारा' म्हणून सोडायचं, हे अशा कादंबऱ्यांत इतक्यांदा होतं की मला चीड येते. तुझ्याकडून तरी ते नको.

फे वेल्डनची 'द लाइफ अँड लव्ह्ज ऑफ अ शी-डेव्हिल' आणि नोरा एफ्रनची 'हार्टबर्न' शेजारी ठेवून वाच. दोन्ही कादंबऱ्या १९८३च्या. वेल्डनची रूथ घर पेटवते, मुलं नवऱ्याच्या दारात सोडते, त्याला तुरुंगात धाडते आणि शेवटी शस्त्रक्रिया करून करून त्या दुसऱ्या बाईचंच रूप घेते. जिंकते, पण तिचं स्वतःचं म्हणून काही उरत नाही. एफ्रनच्या रेचलला गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात नवऱ्याचं प्रकरण कळतं. पुढे ती चारचौघांत, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्या हातचं गोड त्याच्या तोंडावर फेकते. बस, एवढंच. तरी ते रूथच्या आगीपेक्षा मला जास्त लागलं, कारण तोवर सगळी गोष्ट रेचलनं स्वतःच्या तोंडानं, हसवत हसवत सांगितलेली असते. तिचा नवरा आता तिच्या गोष्टीतलं एक पात्र आहे. एफ्रननं हे स्वतःच्या मोडलेल्या लग्नावरून लिहिलं, म्हणून त्या हसण्याला धार आहे.

ऑलिव्हिया गोल्डस्मिथच्या 'द फर्स्ट वाइव्ह्ज क्लब'मध्ये (१९९२) एका मैत्रिणीच्या आत्महत्येनंतर तिघी जणी एकत्र येतात आणि नवऱ्यांना पैशात, धंद्यात गाठतात. तुझ्या नायिकेला मात्र मैत्रीणच नाही. सूडाचे बेत ती एकटीच आखते, म्हणून ते कडवट होतात. तिला एक तरी मैत्रीण दे, जी म्हणेल, "हे कर, पण ते नको."

आणि हलकीफुलकी कादंबरी लिहायची तर नुकसान भरून येण्यासारखं हवं. महागडा सूट फाटला, वाचक हसेल. कुणाची नोकरी गेली की हसू थांबतं. मुलीला बापाविरुद्ध वापरणारं प्रकरण तर काढूनच टाक, मला ते वाचवलं नाही.

जॉइंट खात्याचे कागद ती पहिल्यांदा स्वतः उघडून बसते, ते तू दोन ओळींत उरकलंस. खरा सूड तिथे सुरू होतो. तोच प्रसंग सविस्तर लिही आणि अर्धा झाला तरी मला पाठव.

तुझीच