६६ फुटांचा काठ

ब्रेसब्रिज, ऑन्टारियो, कॅनडा
१० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इथल्या तळ्यांकाठी ज्यांच्या दारात होडी लावायचा स्वतःचा धक्का आहे, ती माणसे सार्वजनिक धक्क्यावरून नगरपालिकेच्या सभेत एवढी भांडतात कशाला, असे आपण मागे फोनवर विचारले होते. त्या वेळी मी दिलेले उत्तर फारच त्रोटक होते आणि मध्येच आईने माझ्या जेवणाचा विषय काढल्यामुळे तेही अर्धवट राहिले. म्हणून आता सविस्तर लिहीत आहे. आपली सारी नोकरी भूमापन खात्यात गेली, तेव्हा मोजणीपासूनच आरंभ करतो.

एकोणिसाव्या शतकात सरकारने हा मुलूख मोजून वसाहतीसाठी खुला केला, तेव्हा तळ्यांच्या काठाने ६६ फूट रुंदीची पट्टी सार्वजनिक रस्त्यासाठी राखून ठेवली. ६६ फूट म्हणजे इंग्रजी मोजणीची एक पूर्ण साखळी, अर्थात आपल्याकडच्या ३३ फुटी साखळीच्या दुप्पट. त्या पट्टीचा ६६ फूट लांबीचा तुकडा घेतला तर बरोबर चार गुंठे भरतात. त्या पट्टीवरून रस्ता काढणे बहुतेक ठिकाणी शक्यच नव्हते, कारण काठ म्हणजे उभे ग्रॅनाइटचे खडक आणि त्यांच्या फटींतून वर आलेले पाइन वृक्ष. पुढे कॉटेजवाल्यांनी, म्हणजे काठावरच्या उन्हाळी घरांच्या मालकांनी, आपापल्या समोरची पट्टी नगरपालिकेकडून विकत घ्यायला सुरुवात केली. ज्यांनी घेतली नाही तेही ती आपलीच असल्यासारखे वावरतात, आणि त्यांना हटकायला कोणी जात नाही. परिणाम असा झाला की पाण्यावर होडी चालवण्याचा हक्क सर्वांना आहे, तळ्याचा तळ सरकारी मालकीचा आहे, परंतु पाण्यापर्यंत पोहोचायला लागणारा काठ मैलोन् मैल खासगी आहे. गावातला रस्ता जिथे थेट पाण्याला भिडतो, तिथे तेवढा सार्वजनिक धक्का आणि होडी पाण्यात सोडण्याचा उतार उरला आहे. सगळे भांडण या मोजक्या जागांचे आहे.

या भागाला मस्कोका म्हणतात. टोरांटोच्या उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरवर मस्कोका, रोसो आणि जोसेफ ही तीन मोठी तळी एकमेकांना जोडलेली आहेत. मस्कोका आणि रोसो यांच्या पातळ्यांत फरक असल्यामुळे पोर्ट कार्लिंग येथे १८७१ मध्ये लॉक बांधले. होडी आत घेऊन दरवाजे बंद करायचे, पाणी वर किंवा खाली आणायचे आणि पुढचे दरवाजे उघडायचे, अशी ती व्यवस्था आजही चालू आहे. त्याच जागी पूर्वी ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवासी लोकांचे गाव होते आणि वसाहतवाले आल्यावर त्या लोकांना तिथून जावे लागले. आम्ही इथले जुने, असे सांगणारी कुटुंबे सभेत उभी राहतात तेव्हा ही गोष्ट माझ्या मनात येते, पण ती बोलून दाखवण्याइतका मी इथे जुना नाही.

तळ्यांवर आगबोटी आणल्या अलेक्झांडर पीटर कोबर्न यांनी. त्यांची ‘वेनोना’ १८६६ मध्ये पाण्यावर उतरली, १८७५ मध्ये ग्रेव्हनहर्स्टपर्यंत रेल्वे आली, आणि मग शहरातली माणसे गाडीतून उतरून थेट बोटीत चढू लागली. टपाल, पीठ, रॉकेल, पाहुणे आणि त्यांच्या पेट्या, सगळे बोटीनेच येई. त्यासाठी वस्तीवस्तीला धक्के बांधले गेले. पिट्सबर्गचे पोलादवाले श्रीमंत बोमॅरिस येथे उन्हाळे घालवू लागले, ते याच काळात. पुढे मोटारी आणि पक्के रस्ते आले आणि आगबोटींचा धंदा बसला. त्यांतली ‘सेगवन’ तेवढी अजून चालते. तिचा सांगाडा १८८७ चा. १९२५ मध्ये नव्या रूपात आणि नव्या नावाने ती पुन्हा निघाली, १९५८ मध्ये थांबली आणि दुरुस्तीनंतर १९८१ पासून परत प्रवासी नेऊ लागली. ती आजही कोळशावरच चालते. धक्के मात्र ज्या बोटींसाठी बांधले, त्या गेल्यावर कोणाचेच राहिले नाहीत, आणि म्हणूनच हळूहळू सर्वांचे झाले.

आता ‘सर्व’ म्हणजे कोण, ते सांगतो. जुलै-ऑगस्टमधल्या शनिवारी सकाळी आमच्या धक्के बांधण्याच्या कामासाठी मी सार्वजनिक धक्क्यावर असतो तेव्हा दिसणारे चित्र असे असते. बेटावर राहणारे एक वृद्ध जोडपे आठवड्याचा किराणा, गॅसची टाकी आणि कपड्यांच्या पिशव्या गाडीतून होडीत उतरवत असते. त्यांच्या मागे टोरांटोहून आलेला एक जण ट्रेलरवरची होडी उतारावर मागे घेण्याच्या खटपटीत असतो. ट्रेलर त्याला हवा त्याच्या नेमक्या उलट दिशेला वळतो, बायको हातवारे करते, मुले अंगात लाइफ जॅकेट घालून गाडीतच बसलेली असतात आणि पाठीमागच्या चार गाड्यांचे चालक उतरून शांतपणे बघत उभे राहतात. इथली माणसे हॉर्न वाजवत नाहीत, नुसती बघतात. ते जास्त बोचते. धक्क्याच्या टोकाला कॉटेजवाल्यांच्या दोन-तीन चकचकीत होड्या बांधलेल्या असतात आणि त्यांचे मालक आइस्क्रीम खायला गावात गेलेले असतात. एका बाजूला आमच्या कंपनीचा सपाट तराफा तुळया चढवून घेत असतो. याखेरीज ज्यांना होडीशी काही कर्तव्य नाही, फक्त पाण्यात पाय सोडून बसायचे आहे, अशी कुटुंबेही असतात. त्यांत टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडून डबे बांधून आलेले आपल्याकडचे लोकही पुष्कळ. सभेत ‘बाहेरची गर्दी’ असा शब्द निघतो तेव्हा काही जणांच्या डोळ्यांसमोर हीच मंडळी असतात, असे मला वाटते. इतर सगळ्यांच्या नाही, हेही खरे.

यांतल्या बेटावरच्या माणसांची अडचण आपल्याला इथल्या कित्येकांपेक्षा लवकर समजेल. कोयनेचे धरण झाल्यावर शिवसागराच्या पलीकडे राहिलेल्या वाड्यांना दवाखाना, बाजार, कचेरी यांसाठी लाँचवाचून गत्यंतर नव्हते, तसेच या बेटांवरच्या घरांना धक्क्यावाचून दुसरी वाट नाही. फरक एवढाच की इथे ते संकट बहुतेकांनी हौसेने विकत घेतलेले आहे. तरीही सगळेच धनाढ्य नाहीत. आजोबांनी स्वस्तात घेतलेल्या बेटाच्या तुकड्यावर लाकडी खोपटे असलेली निवृत्त शिक्षकांची कुटुंबे मी पाहिली आहेत. गाडी आणि होडी ठेवायला खासगी मरीनात वर्षाची जागा घेणे त्यांना जड जाते, म्हणून गाडी रस्त्याकडेला आणि होडी सार्वजनिक धक्क्याला अशी त्यांची सोय चालत आलेली आहे. मालमत्ता कर तेही भरतात आणि त्या कराच्या बदल्यात त्यांच्या दारापर्यंत रस्ता कधीच येणार नाही.

वाहतुकीचे म्हणाल तर शुक्रवारी दुपारपासून टोरांटोहून उत्तरेकडे येणारा ४०० क्रमांकाचा आणि पुढे ११ क्रमांकाचा महामार्ग गाड्यांनी भरतो आणि रविवारी दुपारनंतर तीच रांग उलट दिशेने लागते. मे महिन्यातली व्हिक्टोरिया डेची सुट्टी, १ जुलैचा कॅनडा डे आणि ऑगस्टचा पहिला सोमवार, या तीन सुट्ट्यांना तर विचारूच नये. मस्कोका जिल्ह्याची बारमाही वस्ती २०२१ च्या जनगणनेत ६६ हजारांच्या वर होती, आणि उन्हाळी रहिवासी धरले तर ती दुपटीहून अधिक होते. पोर्ट कार्लिंगसारखे एका मुख्य रस्त्याचे गाव त्या गर्दीत गुदमरते. कोविडच्या उन्हाळ्यापासून कॉटेज भाड्याने घेण्याचा जोर फार वाढला. एका घरात दोन-तीन कुटुंबे उतरतात आणि त्या घराच्या धक्क्याला जेवढ्या होड्या मावतात त्याहून जास्त ती बरोबर आणतात. उरलेल्या कुठे बांधायच्या, तर सार्वजनिक धक्क्याला, तेही रात्रभर.

लाटांचा वाद वेगळा आहे, पण तोही धक्क्यापाशीच येऊन थांबतो. पाठीमागे मोठी लाट उठावी म्हणून पोटात मुद्दाम पाणी भरून जड केलेल्या होड्या अलीकडे पुष्कळ झाल्या आहेत. त्या लाटेवर दोरीशिवाय फळी घेऊन उभे राहण्याचा खेळ तरुणांना आवडतो. ऑन्टारियोत काठापासून ३० मीटरच्या आत ताशी १० किलोमीटरची मर्यादा आहे, परंतु जड होडीची लाट ३० मीटरवर विरत नाही. ती येऊन बांधलेल्या होड्या धक्क्यावर आपटवते, काठाची माती ओढून नेते आणि लून पक्ष्यांची घरटी बुडवते. हा पक्षी जमिनीवर नीट चालू शकत नसल्यामुळे अगदी पाण्याच्या कडेलाच अंडी घालतो. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर त्याचे चित्र आहे, त्यामुळे सभेत त्याच्या नावाने बोलणाऱ्यांची कमतरता नसते. मोटारीची होडी चालवणाऱ्या प्रत्येकाकडे परीक्षा देऊन मिळवलेले कार्ड किंवा तत्सम दाखला असणे २००९ पासून सक्तीचे आहे. ते कार्ड जन्मभर चालते आणि परीक्षेत शिकलेले तितके दिवस टिकतेच असे नाही.

धक्के दुरुस्त कोणी करायचे, हा खर्चाचा प्रश्न माझ्या व्यवसायाचा असल्याने त्यावर थोडे अधिक लिहितो. इथला जुन्या पद्धतीचा धक्का म्हणजे चौरस तुळयांचा, एकावर एक रचून लोखंडी सळ्यांनी जखडलेला आणि आत दगड भरलेला पेटारा. हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झाला की तो पेटारा बर्फावरच बांधतात, मग भोवतालचा बर्फ करवतीने कापून, दगड टाकत टाकत तो तळाशी बसवतात. पाण्याखालची तुळई वर्षानुवर्षे टिकते. कुजते ती पाण्याच्या रेघेवरची, जिथे ती कधी ओली तर कधी कोरडी असते. बर्फ तुळयांना घट्ट धरतो आणि वसंतात पाणी चढले की धक्क्याला वर उचलू पाहतो. २०१९ च्या वसंतात ब्रेसब्रिज, हंट्सव्हिल आणि या तळ्यांच्या परिसरात महापूर येऊन आणीबाणी जाहीर करावी लागली होती. या तिन्ही तळ्यांचे सारे पाणी बाला गावातून पुढे मून नदीत पडते, आणि तेवढ्या तोंडातून ते लवकर निघत नाही. अशा वेळी लोक पाण्याने भरलेली पिंपे धक्क्यावर ओळीने ठेवतात, म्हणजे वजनामुळे धक्का तरंगून जात नाही. खासगी धक्क्यावर पिंपे ठेवायला मालक असतो. सार्वजनिक धक्क्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते.

यंदाच्या सभेत दोन सूचनांवर वाद रंगला. एक अशी की धक्क्यावर होडी ठरावीक तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि रात्री अजिबात ठेवू नये. दुसरी अशी की उतार आणि गाड्यांची जागा फक्त स्थानिक करदात्यांसाठी राखावी. पहिली सूचना मला पटते. मात्र बेटावरच्या घरांना तीतून परवान्याने सवलत मिळाली पाहिजे आणि आमच्यासारख्या ठेकेदारांच्या तराफ्यांना वेगळी जागा देऊन त्याचे भाडे वसूल केले पाहिजे. आमच्या मालकांना हे माझे मत ठाऊक नाही आणि त्यांनी विचारल्याखेरीज मी ते सांगणारही नाही. दुसरी सूचना मला मुळीच मान्य नाही. बाहेरून येणाऱ्याकडून गाडी लावण्याचे पैसे घ्यावेत, कारण दुरुस्तीला पैसा लागतोच; परंतु दाराला कुलूप लावले तर ज्या तळ्यावर सर्वांचा हक्क कायद्याने मान्य आहे, तिथे पोहोचण्याचा हक्क फक्त काठ विकत घेऊ शकणाऱ्यांकडे राहील. सर्वांत मोठ्या आवाजात ही मागणी करणाऱ्यांचे स्वतःचे धक्के आमच्याच कंपनीने बांधलेले आहेत आणि गावात आइस्क्रीमला येताना त्यांना सार्वजनिक धक्क्यावर जागा हवीच असते. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला वाटते इथेच आहे: स्वतःचा धक्का घरी परतण्यासाठी पुरतो, पण तळ्यावरच्या होडीला दुसऱ्या टोकालाही कुठेतरी लागावे लागते.

निर्णय अजून झालेला नाही. पुढची सभा शरद ऋतूत आहे आणि तोवर उन्हाळी मंडळी शहरात परतलेली असतील. ती नसताना निर्णय घेतला तर ती रागावतात आणि ती असताना घेतला तर बारमाही लोक रागावतात.

आपल्या दोघांच्या येण्याबद्दल एवढेच सुचवतो की पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्ट टाळावा. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की गर्दी ओसरते आणि महिन्याच्या अखेरीस मेपलची पाने लाल होऊ लागतात. तोवर आपल्याकडे कास-बामणोलीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागलेली असेल, तेव्हा ती चुकवल्याचेही समाधान मिळेल. आईला पाण्याची भीती वाटते हे मला ठाऊक आहे, पण ‘सेगवन’ मोठी आणि संथ आहे, शिवाय तिच्यात बसून चहा मिळतो. तिच्या फेऱ्या ऑक्टोबरपर्यंत चालतात. पाने लाल होण्याच्या दिवसांतली तिकिटे मात्र लवकर संपतात. तेव्हा व्हिसाचे कागद झाले की तारखा कळवाव्यात, म्हणजे मी आधीच तिकिटे काढून ठेवीन.

सौ. आईस साष्टांग नमस्कार. घरातील लहानांस आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक पुत्र