प्रोग्रामरांनी डिझाइनकडे जरूर वळावे

संपादक महोदय,

बरीच वर्षे प्रोग्रामिंग केल्यावर मी आता यूजर इंटरफेस, म्हणजे ॲप आणि वेबसाइटच्या स्क्रीन, डिझाइन करते. ‘मला चित्र काढता येत नाही’ म्हणून या वाटेला न जाणाऱ्या प्रोग्रामरांसाठी हे पत्र.

चित्रकला इथे फारशी लागत नाही. नजर लागते, आणि ती मोजमापाने तयार होते. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे देखणी दिसतात खरी, पण वेबसाइट अपंगांसह सर्वांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांनुसार साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) किमान ४.५:१ हवा. कोड लिहिण्याची सवय तर फारच कामी येते. यादी रिकामी असली तर? नेटवर्क मध्येच गेले तर? नाव दोन ओळींत गेले तर? नुसती सुंदर स्क्रीन आखणाऱ्याला हे प्रश्न बहुधा उशिरा सुचतात.

जड जाते ते गप्प बसणे. वापरकर्त्यांसोबतच्या चाचणीत कुणी फॉर्म भरताना अडले, की ‘वर उजवीकडे बघा ना’ असे अगदी ओठांवर येते. पण तेव्हाच तोंड मिटून त्याचे बोट कुठे थबकते, तो कोणता शब्द दोनदा वाचतो, हे पाहायचे असते. डिझाइनच्या अभ्यासक्रमांनी फिग्मासारखे डिझाइनचे सॉफ्टवेअर शिकवण्याआधी हे पाहणे शिकवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक