युरियाचा कोटा नको, ब्रिकेट वेळेवर द्या

‘भाताला युरिया कमी पडतोय, कोटा वाढवा’ ही तुमच्या पेपरातली मागणी वाचली, पण नुसता कोटा वाढवून भागणार नाही. उभ्या पाण्यात वरून फेकलेल्या युरियातलं बरेचदा निम्म्याहून जास्त नत्र पिकाला मिळतच नाही, अमोनिया होऊन हवेत उडतं नाहीतर पाण्याबरोबर बांधाबाहेर जातं. भात लावायच्या चारसूत्री पद्धतीत लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध २.७ ग्रॅमची ब्रिकेट, म्हणजे युरिया आणि डीएपी ही खतं दाबून केलेली गोळी, ७ ते १० सेंटीमीटर खोल चिखलात खोचतात, तिथे ऑक्सिजन नसल्यामुळे नत्र अमोनियमच्या रूपात टिकून राहतं आणि मुळं ते हळूहळू घेतात. पण लावणीच्या ऐन घाईत ब्रिकेट दुकानात नसते आणि वाकून खोचायला माणसं मिळत नाहीत, तेव्हा सरकारने ती मे महिन्यातच गावात पोचवावी आणि खोचणीच्या मजुरीला अनुदान द्यावं.

– एक भातशेतकरी, कर्जत (रायगड)